तालमीतून रस्त्यावर : युद्धविद्येपासून आत्मसंरक्षणाकडे

महाराष्ट्राबाहेरील कोणत्याही मराठी मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमपत्रिकेत दोन गोष्टी सहसा चुकत नाहीत. एक म्हणजे गणेशोत्सवातील नाटक आणि दुसरी म्हणजे शिवजयंतीचे मैदानी खेळ. लेझमीचा ठेका थांबतो, लाठी-काठीची जोडी मैदानात उतरते आणि शेवटी दांडपट्ट्याच्या एका सपकाऱ्यात लिंबाची दोन शकले होतात. टाळ्यांचा गजर होतो. तो होणे योग्यच आहे. परमुलखात वाढलेल्या आपल्या मुलांना शिवकालाचा तेवढाच प्रत्यक्ष स्पर्श असतो. परंतु त्याच प्रेक्षकांत असेही आईबाप बसलेले असतात, ज्यांची कन्या संध्याकाळी शिकवणीहून एकटी परतते, आणि ज्यांनी तिला वसाहतीतील कराटेच्या वर्गात घातलेले असते. समोरचा खेळ पाहून त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहतोच : ही विद्या प्रसंग आला असता कामास येईल काय?

प्रश्न आजचा वाटला तरी आजचा नव्हे. गेल्या सुमारे दीडशे वर्षांत जपान, इंग्लंड, चीन आणि आपला देश अशा निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या माणसांना तो पडला व त्यांनी आपापल्या परीने त्याची उत्तरे शोधली. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहताना ह्या इतिहासाकडेही एकवार पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रणांगण आणि गल्ली

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. युद्धविद्या आणि आत्मसंरक्षण ह्या दोन्ही गोष्टी एकाच कुळातल्या असल्या तरी एक नव्हेत. दांडपट्ट्याचेच उदाहरण घ्यावे. त्याचे पाते लांब व लवचीक असून त्याची लोखंडी मूठ कोपरापर्यंतचा हात झाकून टाकते. मनगट वळविण्यास त्यात वाव नसतो. वार खांद्यातून आणि कमरेतून निघतो व सारे शरीर त्याच्याबरोबर फिरते. अनेकांनी घेरलेल्या योद्ध्याने आपल्याभोवती पोलादाचे कडे उभे करावे, ह्यासाठी ते शस्त्र उत्तम. परंतु ते चढविण्यास अवकाश लागतो, फिरविण्यास मोकळी जागा लागते, आणि शत्रू शत्रू म्हणूनच समोर यावा लागतो. रात्री बोळात मागून मान धरणारा गुंड किंवा ओळखीचा म्हणून घरात येणारा दुष्ट ह्यांतील एकही अट पाळत नाही.

एकोणिसाव्या शतकात देशी फौजा मोडल्या; १८७८ च्या शस्त्रास्त्रांच्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. रणांगण गेले तरी विद्या मात्र तालमींतून टिकली. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत तरुण जोतीराव फुले दांडपट्टा व नेमबाजी शिकले. महाराष्ट्राबाहेर, बडोद्यास, प्रो. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरातून देशी व्यायामांना सांघिक कवायतीचे शिस्तबद्ध रूप दिले. ह्या सर्वांचे आपल्यावर थोर उपकार आहेत. त्यांच्यावाचून फरी-गदगा आणि बोथाटी हे शब्ददेखील आज उरले नसते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला, तो ह्या परंपरेचाच गौरव होय. तथापि टिकविण्याच्या ह्या प्रयत्नात विद्येचे स्वरूप पालटले. प्रतिस्पर्धी हा जोडीदार झाला, वार ठरलेला आणि त्याची उतराईही ठरलेली झाली. तिचा हेतूच शरीरसंवर्धन, शिस्त व परंपरेचे जतन असा झाला. त्यात उणे काहीच नाही. केवळ त्या हेतूला आत्मसंरक्षण म्हणू नये, इतकेच.

जिगोरो कानो ह्यांची उलटी युक्ती

नेमकी अशीच स्थिती जपानातही आली होती. १८६८ नंतर तेथे सामुराईंचा वर्ग संपुष्टात आला आणि त्यांच्या जुजुत्सूच्या जुन्या शाखा ओस पडू लागल्या. त्या काळात टोकियोच्या विद्यापीठात शिकणारा जिगोरो कानो नावाचा एक लहानखुऱ्या चणीचा विद्यार्थी, दांडग्या मुलांच्या त्रासाला कंटाळून, ह्या शाखांतील वयस्क गुरूंच्या शोधात निघाला. दोन शाखांची विद्या त्याने आत्मसात केली आणि १८८२ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, एका बौद्ध मंदिरातील बारा चटयांच्या जागेत, मूठभर शिष्यांसह आपली ‘कोदोकान’ ही संस्था काढली. आपल्या विद्येस त्याने ज्युदो हे नाव दिले.

कानो ह्यांनी केलेला बदल वरकरणी उलटा वाटेल असा होता. जुन्या जुजुत्सूत डोळ्यांत बोटे घालणे, मर्मावर प्रहार करणे, बोटे पिरगाळणे असे नाना घातक प्रकार होते. ते घातक असल्यामुळेच जोडीदारावर पूर्ण जोराने कधीच करून पाहता येत नसत. ठरलेल्या क्रमाने, हलक्या हाताने गिरवावे लागत. कानो ह्यांनी हे प्रकार ठरीव पाठांपुरते राखून ठेवले, आणि फेकणे, दाबून धरणे, आवळणे व कोपराचा सांधा अडकविणे ह्यांवर मोकळ्या झटापटीचा रोजचा सराव उभारला. ह्या सरावास ‘रांदोरी’ म्हणतात. त्यात समोरचा माणूस ठरल्याप्रमाणे पडत नाही. तो पडायचे नाकारतो, उलट आपल्यालाच पाडू पाहतो. पडावे कसे, हेही म्हणूनच आधी शिकवावे लागले.

परिणाम लवकरच दिसला. १८८० च्या दशकात टोकियो पोलीस खात्याने भरविलेल्या सामन्यांत कोदोकानच्या तरुणांनी जुन्या शाखांच्या नाणावलेल्या मल्लांवर मात केली आणि पोलिसांच्या शिक्षणात ज्युदोचा प्रवेश झाला. शंभर घातक डाव पाठ असलेल्यापेक्षा, दहाच डाव पण विरोध करणाऱ्या माणसावर रोज करून पाहिलेला मनुष्य अधिक तयारीचा ठरतो, हा तो धडा होता. आपल्या कुस्तीच्या आखाड्यातील कोणाही वस्तादाला तो सांगण्याची गरज नाही; तेथे खडाखडी होते, तीत कोणी कोणासाठी पडत नाही.

मात्र ह्या सुधारणेलाही एक धोका होता व तो पुढे खरा ठरला. मोकळ्या झटापटीला नियम आले, नियमांमागून पंच आणि गुण आले, आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो हा क्रीडाप्रकार म्हणून दाखल झाला. ज्या प्रकाराला गुण नाहीत तो शिकण्याचे खेळाडूस कारण उरत नाही. कोदोकानलाही ह्याची जाणीव असावी. कारण १९४३ मध्ये स्त्रियांसाठी आणि १९५६ मध्ये सर्वांसाठी अशा आत्मसंरक्षणाच्या दोन स्वतंत्र पाठमाला तिने तयार केल्या. १९५६ च्या मालेत एकवीस प्रकार असून त्यांत सुरा, काठी आणि चक्क पिस्तूल घेऊन आलेल्या हल्लेखोराशीही गाठ घातलेली आहे. कानो स्वतः १९३८ मध्येच निवर्तले होते. परंतु काळाबरोबर हल्लेखोर बदलतो, हे त्यांच्या शिष्यांनी ओळखले.

लंडनच्या रस्त्यांवर

जपानी विद्या युरोपात नेण्याचे श्रेय एका अभियंत्याकडे जाते. एडवर्ड बार्टन-राइट हा जपानात नोकरी करून १८९८ मध्ये इंग्लंडला परतला. लंडनच्या सभ्य गृहस्थाला रात्री घरी परतताना गुंडांनी गाठले तर त्याने काय करावे, असा अगदी व्यावहारिक प्रश्न त्याने स्वतःपुढे ठेवला. त्या गृहस्थाच्या कमरेला तलवार नव्हती, पण हातात फिरावयाची काठी होती. म्हणून बार्टन-राइटने जुजुत्सू, मुष्टियुद्ध, फ्रेंच लाथाडी व काठी ह्या चारांची मोट बांधून तिला आपल्या नावावरून ‘बार्टित्सू’ असे नाव दिले. काठीचा भाग पिएर विन्यी ह्या स्विस शिक्षकाकडे होता. तलवारीच्या मुठीला पंजा वाचविणारी आड असते, काठीला नसते. म्हणून तलवारीचे पवित्रे जसेच्या तसे न घेता त्याने हात उंच व मागे ठेवण्याची रीत बसविली. साधन बदलले की पवित्राही बदलला पाहिजे, हे तत्त्व ह्या लहानशा फरकात सामावलेले आहे. बार्टन-राइटचा क्लब १९०२ मध्ये बंद पडला. पण कॉनन डॉइलने आपल्या शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून वाचविले ते ह्याच विद्येच्या, किंचित चुकीच्या नावाने उल्लेखिलेल्या, बळावर. विन्यीची काठी पुढे हिंदुस्थानाशीही निगडित झाली : एच्. जी. लँग ह्या इंडियन पोलिसातील अधिकाऱ्याने १९२३ मध्ये ह्याच पद्धतीवर आपले पुस्तक प्रसिद्ध केले.

बार्टन-राइटने जपानाहून आणविलेल्या शिक्षकांपैकी सादाकाझु उयेनिशी ह्याच्या हाताखाली एडिथ गॅरड ही जेमतेम चार फूट अकरा इंच उंचीची स्त्री तयार झाली. तिच्या कार्याला आपल्या विषयात फार मोठे स्थान आहे. त्या काळी मताधिकारासाठी लढणाऱ्या इंग्लिश स्त्रियांना सभांतून टवाळखोर आणि रस्त्यांवर पोलीस, दोघांचाही मार खावा लागे. १९०९ पासून गॅरडबाई त्यांना जुजुत्सू शिकवू लागल्या. १९१० च्या नोव्हेंबरात पार्लमेंटसमोर सहा तास चाललेल्या धक्काबुक्कीनंतर ह्या शिक्षणाची निकड कोणास पटवून देण्याची आवश्यकता उरली नाही. पुढे १९१३ मध्ये सरकारने ‘मांजर-उंदीर कायदा’ ह्या टोपणनावाने कुप्रसिद्ध झालेला कायदा केला. उपोषणाने खंगलेल्या स्त्रीस सोडावयाचे आणि ती सावरली की पुन्हा धरावयाचे, अशी त्याची योजना होती. तेव्हा एमेलिन पँकहर्स्टबाईंना पुन्हा अटक होऊ नये म्हणून सुमारे तीस स्त्रियांचे एक संरक्षक पथक उभे राहिले.

ह्या पथकाच्या रीती पाहण्यासारख्या आहेत. त्यांच्या झग्यांच्या आत लपविलेले हत्यार म्हणजे ‘इंडियन क्लब’, अर्थात इंग्रज अंमलदारांनी हिंदुस्थानातून विलायतेस नेलेले आपल्या तालमीतील मुद्गल! पुठ्ठ्यांची चिलखते करून त्या बरगड्या वाचवीत. परंतु त्यांचे खरे कौशल्य झटापटीच्या आधीचे होते. पँकहर्स्टबाईंसारखाच पोशाख व तोंडावर जाळी घेतलेली दुसरीच बाई पुढच्या दाराने निघे. पथक तिच्याभोवती निकराने झुंजे, पोलीस तिलाच धरून नेत आणि खऱ्या बाई शांतपणे निसटत. मार्च १९१४ मध्ये ग्लासगोच्या सभेत मात्र व्यासपीठाच्या कडेला फुलांआड काटेरी तार लावूनही अटक टळली नाही. पोलिसांची संख्या मोठी होती. संख्येपुढे आणि वजनापुढे कौशल्याला सीमा असते, हेही इतिहासाने तेथेच दाखवून दिले.

शांघायचा शिरस्तेदारी हिशेब

ह्या प्रश्नाचा सर्वांत कठोर विचार झाला तो शांघायमध्ये. तेथील आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या पोलिसांत इंग्रज, चिनी आणि आपले शीख बांधव असे तिन्ही होते. टोळ्या, अपहरणे व दरोडे ह्यांनी ते शहर गांजलेले असे. विल्यम फेअरबर्न हा मनुष्य १९०७ मध्ये ह्या पोलीस दलात आला. नोकरीच्या आरंभी गुंडांच्या टोळीने त्याला मरणप्राय मारले आणि त्यानंतर तो जुजुत्सूकडे वळला, अशी हकीकत त्याच्याविषयी सांगितली जाते. त्याने कोदोकानचा काळा पट्टा मिळविला, चिनी विद्याही पाहिल्या. आणि मग जे शिकला त्यातील बहुतेक भाग बाजूला ठेवला.

कारण त्याच्यापुढचा प्रश्न निराळा होता. साध्या शिपायाला दहा वर्षे तालमीत घालविण्यास सवड नाही. भीतीने छाती धडधडत असता, अंधारात, घसरड्या फरसबंदीवर, जाड कपडे अंगात असताना, त्याला आठवेल असे किती डाव? फेअरबर्नचे उत्तर होते : अगदी थोडे. हनुवटीखाली तळहाताचा आघात, हाताच्या कडेचा फटका, गुडघा, आणि पकड सोडविण्याच्या काही रीती. बोटांची सूक्ष्म कारागिरी ज्यात लागते ते सर्व वर्ज्य. ही पद्धत त्याने १९२६ मध्ये ‘डिफेंडू’ ह्या नावाने पुस्तकरूपाने मांडली.

पिस्तुलाच्या शिक्षणातही त्याने तेच केले. उजेडात, स्थिर उभे राहून, डोळा मिटून दूरच्या वर्तुळावर नेम धरण्याचे शिक्षण शांघायच्या जिन्यांवर व गल्ल्यांत निरुपयोगी ठरत होते. म्हणून अंधुक खोल्यांचे एक घर उभारून त्यातून शिपायाला चालावयास लावीत. कोठून आवाज येईल, कोठून लक्ष्य सरकेल ह्याचा नेम नसे. फेअरबर्न व त्याचा सहकारी साइक्स ह्यांनी १९४२ च्या आपल्या पुस्तकात साडेबारा वर्षांत गुन्हेगारांशी झालेल्या ६६६ सशस्त्र चकमकींचा आधार घेतला आहे. कचेरीतील नोंदवही आणि तालमीतील शिक्षण ह्यांची अशी सांगड क्वचितच पडली असेल. अमुक डाव श्रेष्ठ की तमुक, हा वाद तेथे गुरुपरंपरेवर न सुटता नोंदींवर सुटला.

परंतु शांघायचा इतिहास सांगताना ३० मे १९२५ हा दिवस विसरता येत नाही. त्या दिवशी नानकिंग रोडवर ह्याच पोलीस दलाने निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, अनेक माणसे ठार झाली आणि सारा चीन पेटून उठला. त्यानंतर दंगलीला गोळीबारावाचून तोंड देता यावे म्हणून फेअरबर्नच्या हाताखाली खास पथक तयार करण्यात आले. बळ किती वापरावे ह्याचा विवेक नसेल तर संरक्षणाची विद्या अत्याचाराची विद्या होते, हा धडा फार महाग पडला. दुसऱ्या महायुद्धात फेअरबर्नने ब्रिटिश कमांडोंना शिकविले; तेथे ती विद्या पुन्हा उघड उघड युद्धाची झाली. त्याच सुमारास, १९४२ मध्येच, त्याने केवळ स्त्रियांसाठीही एक छोटे पुस्तक लिहिले. शिक्षक एकच, पण सैनिकासाठी आणि गृहिणीसाठी पाठ निराळे, ही गोष्ट लक्षणीय होय.

शांतिनिकेतनातील प्रयोग

आपल्या देशातही हा विचार एका थोर मनात आला होता. रवींद्रनाथांनी १९०५ च्या सुमारासच जिन्नोसुके सानो ह्या जपानी शिक्षकास शांतिनिकेतनात आणले होते. पुढे १९२९ मध्ये कोदोकानचे शिंझो ताकागाकी तेथे आले आणि मुलांबरोबर मुलीही ज्युदो शिकू लागल्या. त्या काळच्या समाजात मुलींनी चटईवर झटापट करावी, ही कल्पनाच धाडसाची होती. कवीला त्यांच्या हातात बळ यावे ह्यापेक्षाही त्यांच्या मनातील संकोच जावा, ही गोष्ट अधिक मोलाची वाटत होती. हा प्रयोग फार काळ चालला नाही. दोन-एक वर्षांतच ताकागाकींना शांतिनिकेतन सोडावे लागले. तरीही त्यातील मर्म दूरदृष्टीचे होते, हे अलीकडच्या संशोधनाने दाखवून दिले आहे.

कॅनडातील तीन विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटास केवळ माहितीपत्रके दिली. दुसऱ्या गटास बारा तासांचे शिक्षण दिले. वर्षभरात पहिल्या गटात बलात्काराचे प्रमाण शेकडा ९.८, तर दुसऱ्यात ५.२ इतके आढळले. ह्या बारा तासांपैकी हातापायांच्या झटापटीस केवळ चौथा हिस्सा दिलेला होता. उरलेला वेळ धोका ओळखणे, तो मान्य करणे, आणि विशेषतः ओळखीच्या माणसाला ठामपणे नकार देणे ह्यांसाठी होता. कारण असे हल्ले बहुधा अनोळखी गुंडाकडून नव्हे, तर परिचिताकडूनच होतात. अर्थात गुन्ह्याचा दोष सर्वस्वी गुन्हेगाराचाच. शिकलेल्या वा न शिकलेल्या मुलीवर त्याचा लवलेशही येत नाही, हे येथे निक्षून सांगितले पाहिजे.

आपल्या कायद्याचाही ह्या बाबतीत स्पष्ट आधार आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये असलेला खासगी बचावाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आलेला आहे. आपल्या तसेच दुसऱ्याच्याही शरीराच्या रक्षणासाठी प्रतिकार करणे हा गुन्हा नव्हे. मात्र बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा तो हक्क देत नाही. शांघायच्या रस्त्यावर जे रक्त सांडून शिकावे लागले, ते येथे कलमात लिहिलेले आहे. आपल्या वर्गांतून मात्र ते क्वचितच शिकविले जाते.

मंडळांपुढील कर्तव्य

ह्या सर्व कथांतून एकच सूत्र निघते. जेथे जेथे जुनी विद्या खरोखर संरक्षणाच्या कामी आली, तेथे तेथे आरंभ डावापासून झाला नाही, प्रश्नापासून झाला. हल्ला करणारा कोण, तो कोठे गाठतो, त्या वेळी आपल्या हाताशी काय असते, आणि शिकणाऱ्यापाशी वेळ किती? ह्या प्रश्नांची उत्तरे बदलली तसा पाठ बदलला. आणि त्या पाठाची परीक्षा विरोध करणाऱ्या माणसासमोर झाली, मान डोलविणाऱ्या जोडीदारासमोर नव्हे.

मागे जोतीरावांचा उल्लेख आला. १८५६ मध्ये त्यांना ठार मारण्यासाठी पाठविलेले दोघे मारेकरी रात्री त्यांच्या घरात शिरले. लहुजींच्या तालमीत तयार झालेल्या त्या पुरुषाने त्यांच्यावर हात उगारला नाही. कोण तुम्ही, कशासाठी आलात, असे विचारून त्यांच्याशी तो बोलला. दोघेही शरण आले आणि पुढे त्याचेच सहकारी झाले. प्रत्येकाला असे साधेल असे नाही, आणि साधावे अशी अपेक्षाही कोणाकडून करू नये. पण भीतीच्या क्षणी डोके ठिकाणावर राहणे हे तालमीचेच फळ आहे, असे मला वाटते.

तेव्हा मंडळांनी शिवजयंतीचा दांडपट्टा अवश्य चालू ठेवावा. तो आपला वारसा आहे. परंतु त्याच मैदानावर, वर्षातून काही रविवार, मुलामुलींसाठी निराळा वर्ग भरवावा. त्यात थोडेच डाव असावेत, पण ते ऐकणार नाही अशा जोडीदारावर करून पाहावेत. ओरडावे कसे, निसटावे कोठे, नाही म्हणावे कसे आणि घडलेले घरी सांगावे कसे, हे शिकवावे. ह्या शेवटच्या पाठास तर पालकांनीही हजर राहावे. कारण मुलीने येऊन सांगितलेले शांतपणे ऐकून घेणे, ही विद्या आपल्यालाच शिकावयाची आहे. अशा वर्गास प्रेक्षक फारसे जमणार नाहीत आणि टाळ्याही पडणार नाहीत. पन्नास वर्षे परमुलखात एकमेकांना धरून राहिलेल्या मंडळास एवढे काम अवघड नाही.